तेवीस तारखेच्या आत

देवेश : मग हे जुने पत्रे नक्की कधीचे, मामा? आईला आठवत नाही आणि कागद तर एकही सापडत नाही.

धोंडिबा : कागद कशाला पाहिजे? आमचा राजकुमार जन्मला ते साल. तिकडं घरी बारसं चाललं होतं आन् मी इथं, तुमच्या मंगल कार्यालयाच्या छपरावर. तुमच्या आई खालून ओरडत होत्या, धोंडिबा, उतर आता, पोराचं नाव तरी ऐकून ये.

कडुबा : उतरला नाय हा. मला पाठवलं. गीतावहिनीनं पाळण्याजवळ बापाच्या जागी मलाच हुबं केलं. बाया इचारायच्या, हा कोण? तर म्हणं, हा पत्रे ठोकणारा दुसरा.

देवेश : राजकुमार माझ्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे शहाण्णव साल. आता चोवीस चालू आहे. अठ्ठावीस वर्षं झाली या छपराला.

धोंडिबा : लई दिवस काढले पत्र्यानं. एप्रिलात ते वादळ झालं नसतं, तर आजून चार-दोन वर्षं ओढली असती.

कडुबा : शेठ, तुम्ही व्हते का त्या दिवशी? स्टेजवरचा आख्खा पट्टा उचलला आन् बायपासच्या पल्याड नेऊन टाकला. तिथं म्हशी बांधलेल्या. म्हशींचं नशीब चांगलं.

देवेश : होतो ना. गेटापाशी उभा राहून बघत होतो. काही करताच येत नव्हतं. राहिलेले पत्रेही सैल झालेत, खाली माणसं बसवू नका, असं इंजिनिअर सांगून गेला. म्हणून म्हटलं, तुकडे जोडायला नको, सगळंच छप्पर नवं टाकू. आता मला नीट सांगा, कुठल्या दिवशी काय होईल. मी मोबाइलवर मांडून घेतो.

धोंडिबा : मांडा.

देवेश : महिना तर आपल्याला फार चांगला मिळालाय. शुक्राचा अस्त आहे, मुहूर्तच नाहीत. अख्खा मे रिकामा. कार्यालय बांधल्यापासून असा मे आला नसेल.

कडुबा : शुक्र बुडाला म्हणून आमचं काम उगवलं.

धोंडिबा : गप रे. भाऊ, नवे पत्रे कधी येणार?

देवेश : वाळूजहून दहा तारखेला येतील म्हणाले. अकराला सुरू करायचं का?

धोंडिबा : तेराला मतदान हाय. पोरं निम्मी कन्नडची, निम्मी पाचोडकडची. मतदानाला जाणार म्हणजे दोन दिस आधीच निघणार. गावाकडनं परत यायला आजून एक दिस. पंधरा धरा.

देवेश : पंधरा मे, सुरुवात. मग?

धोंडिबा : आधी जुने पत्रे उतरवायचे. त्यात घाई करता येत नाय. जुन्या पत्र्यावर कुठं पाय द्यावा याचा भरवसा नाय. चार दिस तरी. मग आडवे पाइप बघायचे. गंजलेले कापायचे, नवे जोडायचे, छप्पर पेलणाऱ्या कैच्या सरळ करायच्या, रंग मारायचा. रंग वाळू द्यायचा. मग क्रेन बोलवायची, पत्रे वर चढवायचे आन् ठोकायचे. शेवटाला वरचा कणा झाकायचा.

देवेश : माणसं किती?

धोंडिबा : आठ. आन् आमी दोघं. जास्ती मिळत नाय. पाऊस जवळ आला की सगळ्यालाच छप्पर आठवतं.

देवेश : दिवसभर काम धरायचं ना?

धोंडिबा : सकाळी सहा ते अकरा. अकराला सगळे खाली. मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. दुपारी पत्र्यावर माणूस ठेवत नाय मी. पहिल्यापासून तसंच हाय आपलं.

कडुबा : हा अकराला शिट्टी मारतो. घड्याळ बघत नाय. सावली पायाखाली आली की मारली शिट्टी. एकदा वाळूजला कंपनीचा सायेब खाली नाचत व्हता, दोनच पत्रे राहिले म्हणून. ह्यो आपला झाडाखाली जाऊन झोपला. काम गेलं त्या टायमाला. पण झोप झाली.

देवेश : बरं. मग मी असं मांडतो. पंधराला सुरुवात. अठरापर्यंत जुने पत्रे खाली. एकोणीस ते चोवीस पाइप, वेल्डिंग आणि रंग. तोपर्यंत वर काहीच नसेल, नुसता सांगाडा. पंचवीसला क्रेन. एकतीस मेपर्यंत पत्रे, दोन जूनला कणा. सातला मृग निघतो. हाताशी चार-पाच दिवस राहतात. फार छान बसलं, मामा.

कडुबा : बसलं. काय धोंडू, बसलं का?

धोंडिबा : बसलं.

कडुबा : सांग की आता. का मी सांगू?

देवेश : काय सांगायचंय?

धोंडिबा : काय नाय. चहा घ्या, गार व्हायला लागला.

कडुबा : शेठ, तेवीस तारखेला बुद्धपौर्णिमा हाय.

देवेश : हो. मग सुट्टी पाहिजे का? एक दिवस धरू की, त्यात काय. कामाला एक दिवस पुढे ढकलतो.

कडुबा : सुट्टी नको. छप्पर पाहिजे. धोंडूच्या रूपालीचं लग्न हाय त्या दिवशी.

देवेश : अरे वा. मामा, पत्रिका नाही दिलीत ती. कुठे आहे लग्न?

धोंडिबा : इथंच.

देवेश : इथं म्हणजे?

धोंडिबा : इथंच, तुमच्या कार्यालयात. दिवाळीला गीता फराळाचं घेऊन तुमच्या घरी गेली होती. तवा तुमच्या आई म्हणल्या, रूपालीचं कुठंबी जमू दे, लग्न आपल्याच कार्यालयात करायचं. तू फक्त तारीख सांग. मग गीतानं सांगितली तारीख. आईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरला गोल केला. मला वाटलं, तुमच्या कानावर घातलं असंल.

देवेश : भिंतीवरचं कॅलेंडर आईच्या खोलीतलं. मी तिथलं कशाला बघतोय. मी बुकिंग बघतो आणि पंचांग बघतो. मुहूर्त नाही म्हणजे लग्न नाही, असंच धरून चाललो.

धोंडिबा : आमच्यात मुहूर्त नसतो, भाऊ.

देवेश : ते माहीत आहे मला. माहीत असून डोक्यात आलं नाही. पण तुम्ही तर गेला तासभर माझ्यासमोर बसलाय. तेवीस तारखेला नुसता सांगाडा असेल, हे मी तुमच्यासमोर मांडलं आणि तुम्ही बसलं म्हणालात.

धोंडिबा : तुम्ही म्हणले, मे रिकामा हाय. मला वाटलं, आमचं एक सोडून रिकामा असंल. मग तारखा पुढं पुढं जायला लागल्या, तवा कळलं की तुम्हाला मालूमच नाय. तुमच्या आईंनी आपणहून दिलेली जागा. ती मी तोंडानं कशी मागू?

कडुबा : तुझ्या ह्या लाजंपायी नवरीला छत्री धरून हुबं करावं लागंल.

देवेश : थांबा, कडुबामामा. आपण मार्ग काढू. लग्न आठ दिवस पुढे नाही का ढकलता येणार?

धोंडिबा : पोरगा एसटीत हाय, गंगापूरचा. रजा मंजूर झाली. पत्रिका वाटून झाल्या. पौर्णिमा धरली त्यात सगळ्यांचा जीव हाय, त्याच्या आईचा जास्ती.

देवेश : मग दुसरं कार्यालय बघतो मी. माझ्या ओळखीची आहेत बायपासला.

धोंडिबा : मी बघितली. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी हिंडलो. पौर्णिमेला एकबी मोकळं नाय. आमच्या लोकांनी सगळी धरलीत.

देवेश : मग इथंच बाहेर, लॉनवर मांडव टाकू. खर्चाचं मी बघतो. कूलर लावू.

धोंडिबा : थोरलीचं लग्न मांडवातच झालं, विहारासमोर. मे महिनाच होता. नवरदेवाच्या आजीला भोवळ आली, चार बाया तिला उचलून नेत होत्या आन् तिकडं पंचशील चाललेलं. तवापासून गीता म्हणते, रूपालीचं पक्क्या छपराखाली करायचं. मी तिला ह्या वर्षी कशालाच नाय म्हणलो नाय.

देवेश : आणि छपराचं काम लग्नानंतर घेतलं तर? आहे तसं राहू दे महिनाभर.

कडुबा : आणि वरून एक पत्रा सुटला तर? स्टेजच्या वर तर आभाळच हाय. बाकीचे फडफडतात. तुम्हीच म्हणले, माणसं बसवू नका.

देवेश : हो. म्हणालो खरा.

धोंडिबा : चोवीस तारखेपासून पोरं पाचोडच्या जिनिंगला दिलीत. तिथं जबान गेली माझी. मागं घेता येत नाय. हेबी मगाशीच बोलायला पाहिजे होतं.

देवेश : म्हणजे ही सगळी कामं पंधरा ते बावीसच्या आत. जेवढ्या दिवसांचं काम, त्याच्या निम्म्यात. होईल का, मामा?

धोंडिबा : नाय होणार.

देवेश : मग काय करायचं?

धोंडिबा : मला काय सुचत नाय, भाऊ. मी खरं सांगतो.

कडुबा : दुपार धरा की.

धोंडिबा : दुपार नाय.

कडुबा : अकरा ते चार. पाच तास रोज मिळतात. माणसं वाढत नाय, दिस वाढत नाय, मग वाढवायचं काय? ऊनच राहिलं.

धोंडिबा : पत्र्याला हात लागत नाय दुपारी. स्क्रू खिशात ठेवला तर मांडी भाजते. तुला मालूम हाय.

कडुबा : म्हणून म्हणतो ना. ओली गोणपाटं टाकायची. निम्मे वर, निम्मे खाली, आळीपाळीनं. ताक ठेवायचं. आठ दिवसांचा तर खेळ हाय. पोरीचं एकदाच व्हतं.

देवेश : ताकाचं मी बघतो. बर्फ, लिंबू, सगळं. अर्ध्या तासाने माणसं बदलू. कुणाला त्रास वाटला तर लगेच खाली. चालेल का, मामा?

धोंडिबा : तुम्ही दोघंबी मला इचारता, चालंल का. मी नाय म्हणलो तर दुसरं काय हाय तुमच्याकडं?

देवेश : नाही. दुसरं काहीच नाही.

धोंडिबा : मग मांडा.

*

(कार्यालयाच्या छपरावर. वीस मे, दुपार.)

धोंडिबा : कडू, उतर आता. तुझी पाळी संपली.

कडुबा : माझ्यानंतर कुणाची?

धोंडिबा : सर्जेरावची.

कडुबा : सर्जेराव सकाळीच ओकला. स्टेजमागं पडलाय. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ. तिसरा तर कन्नडची गाडी धरून गेला, कुणाला बोललाबी नाय. पाळी लावायला माणसं पाहिजेत ना, धोंडू. हा पाइप जरा दाबून धर.

धोंडिबा : मग मी थांबतो वर. तू जा.

कडुबा : तू नवरीचा बाप. तेवीसला तोंड काळं-ठिक्कर घेऊन हुबा राहिला तर पाहुणे इचारतील, पोरगी कुणाची आन् हा कोण आलाय? जा, मंडपवाला खाली आलाय. खुर्च्यांचं इचारतोय.

धोंडिबा : सकाळधरनं तू लघवीला गेला का?

कडुबा : हे काय इचारायचं झालं?

धोंडिबा : गेला का ते सांग.

कडुबा : घाम येतो तिकडूनच जातं सगळं. आता तर घामबी येत नाय. आंग कोरडं झालंय, बरं वाटतंय.

धोंडिबा : घाम येत नाय?

कडुबा : सवय झाली आंगाला. तू ते वेल्डिंगचं बघ. तिथला जोड कच्चा राहिलाय.

देवेश : मामा, दोघंही खाली या. मी शिडीवर आहे, मला वरपर्यंत येववत नाही. पायऱ्यासुद्धा भाजतात. ताक आणलंय.

कडुबा : या की शेठ. तुमचंच छप्पर हाय. एकदा बघून घ्या.

देवेश : कडुबामामा, थट्टा नको. मी सकाळपासून दोन ठेकेदारांना फोन केले. एकाने माणसं पाठवली, तर ती गेटातून वर बघून परत गेली. म्हणाली, संध्याकाळी बोलवा. नुसत्या संध्याकाळी काम कसं संपेल? आज काम थांबवू या. जेवढं झालं तेवढं झालं.

धोंडिबा : थांबवून काय करता? मागच्या निम्म्यावर पत्रे बसले. पुढचं उघडं हाय. स्टेज पुढंच हाय.

देवेश : स्टेज मागे हलवू. उघड्या बाजूला कापड टाकू.

कडुबा : कापड खाली-वर होतंय वाऱ्यानं. क्रेनवाला उद्याच्याला दुसऱ्यांदा येणार, मग परत मिळणार नाय. शेठ, तुम्ही ताक द्या आन् सावलीला जाऊन बसा. तुमचं तोंड बघून मला जास्ती ऊन लागतंय.

देवेश : मामा, तुम्ही तरी सांगा त्यांना.

धोंडिबा : सांगतोय. कधी ऐकलं यानं? मी शिट्टी मारली की हाच आधी उतरायचा, इतकी वर्षं. पोरं याला हसायची, बुढ्ढा झोपंला सगळ्यात पुढं. आता शिट्टी मारतो तर बघतबी नाय.

कडुबा : शिट्टी तुझ्यावाली हाय. लग्न तुझ्या एकट्यावालं नाय. रूपालीला चालायला शिकवताना कुणाचं बोट व्हतं? तू तर वर व्हता. तू कायम वरच व्हता. दे ते ताक.

देवेश : घ्या. हळू. निम्मं ताक सांडलं.

कडुबा : ग्लास गार हाय म्हणून.

*

देवेश : हॅलो, मामा? काय म्हणतात डॉक्टर? कडुबामामा शुद्धीवर आले का?

धोंडिबा : नाय आजून. आंगावर बर्फ ठेवलाय. काखेत, मानंखाली, सगळीकडं. डॉक्टर म्हणले, आंग आतनं तापलंय. लवकर आणायला पाहिजे होतं, असं म्हणले.

देवेश : लवकर म्हणजे कधी? बसल्या बसल्या बोलायचे थांबले आणि आपण लगेच गाडीत घातलं. मी स्वतः गाडी चालवली.

धोंडिबा : आज नाय म्हणत ते. परवाच आणायला पाहिजे होतं म्हणतात.

देवेश : मी काम बंद केलंय. पोरं खाली बसलीत.

धोंडिबा : किती राहिले?

देवेश : ते आता कशाला?

धोंडिबा : स्टेजवरचे किती पत्रे राहिले, भाऊ?

देवेश : नऊ.

धोंडिबा : राजकुमार हाय का तिथं?

देवेश : आहे. त्याला शिडीपाशी बसवलंय. वर जातो म्हणत होता, मी धरून ठेवलं.

धोंडिबा : बरं केलं. त्याला म्हणावं, आता चढायचं नाय. उन्हं उतरली की चढायचं. तोवर कुणीच नाय. मी इथनं शिट्टी मारतोय असं समजायचं.

देवेश : मामा, ऐका माझं. उद्याचं लग्न पुढे ढकला. अशा वेळी लोक समजून घेतील. मी स्वतः गंगापूरला फोन करतो.

धोंडिबा : काय सांगाल?

देवेश : जे झालं ते सांगेन.

धोंडिबा : ती माणसं पहाटेच निघतात, सकाळी पोचायला. खीर कराया दूध सांगितलंय. पोरीच्या हाताला मेंदी लागली. आन् हा उठला आन् त्यानं इचारलं, लग्न झालं का, तर काय सांगू? तुझ्यामुळं मोडलं म्हणू?

देवेश : रूपालीला कळलंय का?

धोंडिबा : नाय. गीतालाबी नाय. राजकुमार, पोरं आन् तुम्ही. घरी कुणी बोलायचं नाय. इचारलं तर म्हणा, कडू उन्हानं दमला, पाचोडला घरी गेला.

देवेश : मला नाही जमणार खोटं बोलायला.

धोंडिबा : मग घरी जाऊ नका. इथंच राहा, छपराखाली. तेवढं करा माझ्यासाठी.

देवेश : त्यांच्या बायकोला, सरूबाईंना कळवलं का?

धोंडिबा : कळवलं. जीप करून निघाल्यात. तिकडनं यायला दोन तास. मी दारात हुबा राहणार हाय, दुसरं काय करू? आत घेत नाय मला. काचंतनं पाय दिसतात त्याचे. पायाचे तळवे सगळे भाजलेत, भाऊ. चपलंतनं भाजलेत. बोलला नाय कधी.

देवेश : मी येतो तिकडे.

धोंडिबा : नका येऊ. तुम्ही तिथं नसला तर राजकुमार वर चढंल.

देवेश : मग मी काय करू, ते तरी सांगा.

धोंडिबा : थांबा, डॉक्टर हाका मारतात. ठेवतो.

*

रूपाली : अण्णा, उठा की. कवाचं नुसतं भिंतीकडं बघत पडलाय. मी दोन दिवसांसाठी आले माहेरी आणि तुम्ही असे.

धोंडिबा : उठतो. चहा घेतला का तू?

रूपाली : घेतला. आईनं चहा दिला आणि लगेच भांडी घासायला गेली. राजूदादा तर मला बघून बाहेरच निघून गेला. गेले काय मी आठ दिवस, तर परकी झाले का सगळ्यांना?

धोंडिबा : परकी कशानं? बस. सासरची माणसं कशी हायत?

रूपाली : चांगली आहेत. सासूबाई अजून कार्यालयाचंच बोलतात. म्हणतात, एवढ्या उन्हाळ्याचं लग्न झालं पण आत ऊन असं लागलंच नाही. सगळं नवं, वर पत्रे कसे चकचकीत. मी म्हणलं, माझ्या अण्णांनी आणि कडूकाकांनी टाकलेत. तर त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं.

धोंडिबा : बरं केलं.

रूपाली : काल फोटो आले मोबाइलवर. सगळे बघितले, शेवटपर्यंत. कडूकाका एकाबी फोटोत नाहीत.

धोंडिबा : गर्दी होती.

रूपाली : गर्दीत लपणारा माणूस आहे का तो? आमच्या घरच्या कुठल्याबी फोटोत मधोमध हुबे राहतात. स्टेजवर सगळ्यांनी फुलं टाकली, तवाबी मी डोळ्यांनी शोधत होते. आईला विचारलं, तर म्हणली, दमलेत, पाचोडला गेलेत. माझ्या लग्नाच्या दिवशी झोपायला पाचोडला?

धोंडिबा : व्हय. दमला होता तो.

रूपाली : फोन लावते तर बंद. रोज लावते. सरूकाकूचाबी लागत नाही. उद्या आपण पाचोडला जाऊ, अण्णा. मी भांडणार आहे त्यांच्याशी. तुम्ही यायचं माझ्यासोबत.

धोंडिबा : जाऊ.

रूपाली : आणि तुमचंबी मला विचारायचं होतं. लग्नाच्या सकाळी तुम्ही कुठं होता? सगळे तयार झाले, पाहुणे उतरले, तुमचा पत्ता नाही. मग आलात, तर पांढरे कपडे मळलेले, पायाला माती, डोळे लाल. मला वाटलं, माझ्यासाठी रडलेत. मलाबी रडू आलं. सगळ्या बाया हसल्या, बघा, बाप-लेक दोघंबी.

धोंडिबा : मी पाचोडनं आलो होतो.

रूपाली : लग्नाच्या सकाळी? कामून?

धोंडिबा : रात्रीच त्याला तिकडं नेलं. गावातली माणसं जमली, पहाटेच उरकलं. सरूवहिनी म्हणल्या, भावजी, तुम्ही थांबू नका. पोरगी वाट बघत असंल. जीपवाल्यानं मला सरळ कार्यालयाच्या दारात सोडलं. आंघोळीलाबी वेळ नव्हता.

रूपाली : कुणाला नेलं?

धोंडिबा : तुला लग्नात कळू द्यायचं नाय, असं आमी ठरवलं. मग पाठवणी झाली. मग वाटलं, नव्या घरात सांगू नये. मग रोज वाटलं, आज फोन करू. आता तू म्हणते, उद्या पाचोडला जाऊ.

रूपाली : अण्णा, कुणाला नेलं?

धोंडिबा : कडू गेला, बाई. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, बावीस मेला, बुधवारी, दिस मावळायच्या आत.